सतरा जीबी ओल

दुपारी दोनला, शिवडीच्या एका न्हाणीघरात
भिंत फोडून उघडा केलेला पाइप
मला फोटोत धरायचा होता,
मालकाला दाखवायला, की बघा, आतून कसा सडलाय.
फोन म्हणाला, जागा नाही.
अरे, मी प्लंबर. जागा नाही हे तर माझं वाक्य.

भांडुपला लेक रोडवर इर्शादचं दुकान,
दीड माणूस मावेल एवढं.
त्याने फोन घेतला, अंगठा फिरवला,
"पेडणेकर, सतरा जीबी नुसत्या मोऱ्या आहेत तुमच्याकडे."

खरंय.
चेंबूरच्या नंबियार बाईंचं छत, बारा बाजूंनी.
पारसी कॉलनीतल्या फरोखशेटची टाकी,
तिचा चार मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात काहीच होत नाही,
शेवटी फक्त त्यांचा आवाज, "ऐकला ने, डीकरा?"
गोराईच्या तिर्लोटकर वहिनींचा कमोड,
आणि तोच कमोड पुन्हा, सोसायटीच्या ग्रुपातून फिरून आलेला,
गुलाबवाल्या सुप्रभातीला खेटून.
लोक घर दाखवताना पडदे ओढतात,
बेसिनखालचं मात्र सगळं दाखवतात.

"हे आपोआप उतरतं," इर्शाद म्हणाला.
"कोणी पाठवलं की उतरलं, तुम्ही बघा न बघा.
वर गॅलरीतही दिसतं."
म्हणूनच पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवताना
मधेच कुणाचा तरी संडास यायचा
आणि बायको फोन उलटा ठेवायची.

म्हणजे बॉलकॉक नसलेली टाकी.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांना बॉलकॉक बसवले
आणि खिशातली वाहत होती.
सेटिंग, स्टोरेज, ऑटो डाउनलोड:
डेटावर काही नको, वायफायवर काही नको.
त्याने माझ्याच बोटाने टिका काढून घेतल्या.
कॉक बसला की हाताला कळतं.
इथं काही कळलं नाही.

मग पुसणं. यादी वजनाने लागते,
जड ते वर. फरोखशेट पहिले गेले.
टाकी गेली, छत गेलं, पाच लग्नं,
एक रडणारा देव, कुठल्याशा घाटात उलटलेला ट्रक.
"बघून घ्या हां," इर्शाद म्हणाला,
"जुनं पुसलं की परत उतरत नाही.
ज्याने पाठवलं त्यालाच सांगावं लागतं, पुन्हा पाठव."

खाली गेलो. अगदी तळाला,
नव्वद केबी, ऐंशी केबी, गाळासारखे बसलेले
सोनबाचे फोटो.
नऊ वर्षं माझा जोडीदार.
काम झालं की जॉइंटचा फोटो पाठवायचा.
खाली काही लिहायचा नाही, लिहिता येत नव्हतं.
आणि दरवेळी कोपऱ्यात अर्धं बोट,
पान्याखाली चेंगरून काळं पडलेलं नख,
मागे कुठेतरी जॉइंट. कोरडा.
शंभरदा ओरडलो असेन, बोट काढ रे मधून.

बाकी त्याचा फोटो नाही माझ्याकडे.
नऊ वर्षं आम्ही भिंतींचेच काढले.
नंबर लावला तर बाई सांगते, अस्तित्वात नाही.
मराठीत सांगते, मग हिंदीत.

मागे एक पोरगी तडकलेली काच घेऊन उभी होती.
"हे किती जागा खातात?" मी विचारलं.
"काय नाय. सगळे मिळून टाकीच्या एका मिनिटाएवढे."
राहू दे मग.
इर्शादने पन्नास मागितले. मी त्याला म्हटलं,
तुझा मागचा नळ ठिबकतोय, वायसर बदलून देईन.

रात्री नंबियार बाईंचा फोटो आला.
उतरला नाही. धूसर चौकोन, मधे बाण.
ओल तशी धूसरच असते.
फोन लावला. म्हटलं, तोंडाने सांगा ना, कुठून येतंय?
म्हणाल्या, कसं सांगणार, फोटो बघा.
बाण दाबला. चार एमबी.
खिडकीकडून तिसरी लादी, पंख्याच्या अलीकडे.
उद्या येतो म्हटलं, दहाला. पाणी बंद ठेवा.